तुझ्या सहा मिलिग्रॅमविषयी

प्रिय भावी डॉक्टरीणबाई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, गाऱ्हाणंच आहे. क्षयाचे जंतू मारणारं कंपाउंड तुझ्या हाताला लागलं. आता गाइड म्हणतात, ते उंदरांवरच्या कामासाठी दुसऱ्या संस्थेला द्यायचं आणि रचनेत फेरफार करायला रसायनवाल्यांनाही द्यायचं. त्यात एमटीएचा, म्हणजे नमुना दुसऱ्या संस्थेला देण्याच्या कराराचा, कागद पावसाळ्याआधीपासून कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे. ‘सगळं मीच केलं असतं तर एव्हाना झालं असतं,’ असं तू लिहितेस.

नसतं झालं. वाईट वाटून घेऊ नकोस, पण काचेच्या थाळीत जंतू मारणारी कंपाउंडं ढिगाने सापडतात. ती पोटात टिकतात का, यकृत त्यांचं काय करतं, किलोभर बनवायची तर कशी आणि केवढ्याला, या प्रश्नांची उत्तरं तुझ्या लॅबमध्ये नाहीत. ती असायलाही नकोत. तुझ्या कुपीत सहा मिलिग्रॅम आहे. एवढ्यात नीटसा एक उंदीर-प्रयोगही होत नाही.

तुला एका लशीची हकिगत सांगते. लस वेगळी, औषध वेगळं, हे मान्य. पण काम अडतं ते दोन्हीकडे एकाच जागी, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना.

1985-86 च्या सुमाराला दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांच्या विभागात रोटाव्हायरस पसरला. लहान मुलांना जुलाब-उलट्यांनी कोरडं पाडणारा हा विषाणू. पण ही बाळं आजारी पडलीच नाहीत. शौचात विषाणू सापडतोय आणि बाळ मजेत दूध पितंय. डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाने ही गोष्ट सोडून दिली नाही. त्यांनी त्या मुलांवर पुढेही लक्ष ठेवलं, तेव्हा दिसलं की जन्मतःच हा संसर्ग झालेल्या मुलांना नंतर रोटाव्हायरसचे जुलाब कमी होतात. मेलबर्नमध्ये रूथ बिशप यांनाही काही वर्षं आधी असंच दिसलं होतं. निसर्गाने आयती लसच दिली होती म्हण ना. दिल्लीच्या त्या विषाणूला नाव पडलं 116ई. त्याचा एक जनुक गाईच्या रोटाव्हायरसकडून आलेला, बाकीचे माणसाच्या.

आता विचार कर, भानांनी एक चांगला पेपर लिहून थांबायचं ठरवलं असतं तर? कुणी त्यांना दोष दिला नसता. बालरोगतज्ज्ञ माणूस, वॉर्ड भरलेला. पण विषाणूची जनुकं वाचायला अमेरिकेतले रॉजर ग्लास आणि स्टॅनफर्डचे हॅरी ग्रीनबर्ग लागले. दोन्ही देशांच्या सरकारांमध्ये लशींसाठी 1987 मध्ये झालेला करार कामी आला. बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत दुर्गा राव यांच्याकडे आय321 नावाचा असाच एक नवजात बाळांतला विषाणू होता. दोघे एकाच शर्यतीत उतरले. दोन्ही विषाणू एकाच चाचणीत शेजारी शेजारी तपासले गेले आणि आय321 मागे पडला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन गटांनी आपापला विषाणू उराशी धरून दहा-दहा वर्षं घालवली असती, तर दोघांपैकी कुठला चांगला हे आजही कळलं नसतं.

मग कारखाना. लॅबमध्ये फ्लास्कभर विषाणू वाढवणं आणि लाखो डोस, प्रत्येक डोस सारखा, असे वाढवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हैदराबादची भारत बायोटेक तेव्हा लहान कंपनी होती. तिने हे अंगावर घेतलं आणि सरकारला एक डॉलरला एक डोस देण्याचं कबूल केलं. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, पाथ ही संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी पैशाची बाजू उचलली. किंमत आधी ठरली आणि कारखाना त्या किमतीत बसेल असा आखायचा होता. तुमच्याकडे किंमत म्हणजे ‘नंतर बघू’ असा विषय असतो. माझं मत विचारशील तर किंमत हा संशोधनाचाच भाग आहे. क्षयाचं औषध कोण घेणार? कुणाच्या खिशातून? हे रसायनवाल्याला आजच माहीत असलं पाहिजे, म्हणजे तो बारा पायऱ्यांची महागडी रचना सुचवणार नाही.

तिसऱ्या टप्प्याची चाचणी 2011 मध्ये सुरू झाली. दिल्लीची वस्ती, पुण्याजवळ वढूचा ग्रामीण भाग आणि तमिळनाडूत वेल्लोर, अशी तीन केंद्रं. 6,799 बाळं. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडाने थेंब, तेही नेहमीच्या लशींच्या जोडीने. दिल्लीला डॉ. नीता भंडारी, पुण्याच्या केईएमचे डॉ. आशिष बावडेकर, वेल्लोरला डॉ. गगनदीप कांग यांचा गट. ही नावं तू शोधनिबंधावर वाचशील. ज्यांची नावं तिथे नाहीत त्यांच्याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण त्याच सुमाराला मी जिल्ह्यात लहान मुलांच्या दुसऱ्या एका चाचणीवर होते आणि हे काम जवळून बघितलंय.

कागदावर जुलाबाची व्याख्या सोपी असते: चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच. पण बाळ आठ महिन्यांचं झालं की आमच्याकडच्या आया जुलाब सांगतच नाहीत. ‘दात येतायत, होतंच तेवढं,’ म्हणतात. आजीही मान डोलावते. घरोघर माहिती घेणारी नवी सेविका दारात उभी राहून विचारायची, ‘जुलाब झाले का?’ उत्तर यायचं, ‘नाही.’ ती वहीत शून्य लिहून पुढच्या घरी. आमच्यातली एक जुनी सेविका तसं विचारायचीच नाही. ती ओट्यावर टेकायची, चहाला नको म्हणायची, मग हो म्हणायची आणि सहज विचारायची, ‘काल दुपटी किती धुतली गं?’ मग आकडा यायचा. कधी सात, कधी नऊ. हा प्रश्न कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये नव्हता. आमच्या संख्याशास्त्रज्ञाने एका गटाचे आकडे इतरांपेक्षा चढे का, म्हणून चौकशी केली तेव्हा तो बाहेर आला आणि पुढे सगळ्या सेविकांच्या प्रशिक्षणात गेला. सेविका नसती तर प्रश्न सापडला नसता आणि संख्याशास्त्रज्ञ नसता तर तो एकाच गावात राहिला असता.

जाता जाता: संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या बैठकीला बोलव. तुमच्यात सगळं उरकल्यावर आकडे घेऊन त्याच्याकडे जायची पद्धत आहे. ते लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला नेण्यासारखं.

आता तारखा. हसू नकोस. अमेरिकी भागीदार महिना आधी लिहितो, आपण दिवस आधी लिहितो. 05/06 म्हणजे 5 जून की 6 मे? नमुना कधी घेतला आणि फ्रीझरमध्ये कधी गेला यात असा महिनाभराचा घोळ झाला की तो नमुना गेला. म्हणून चांगल्या फॉर्मवर महिना अक्षरांत लिहायला लावतात. तसंच लेबलांचं. बर्फाच्या डब्यात ओल धरते, साधा कागद सुटतो, बॉलपेनची शाई पसरते. तू कंपाउंड पाठवशील तेव्हा कुपीवरचं लेबल उणे ऐंशी अंशांना टिकणारं आहे का ते आधी आपल्याच फ्रीझरमध्ये ठेवून बघ. सोबत लॉट नंबर, कशात विरघळवलं, किती शुद्ध आणि ती शुद्धता कोणत्या पद्धतीने मोजली हे लिही. न जमलेलं आधी लिही. ‘पाण्यात गढूळ होतं’ हे एक वाक्य पलीकडच्या मुलीचा महिना वाचवेल.

लशीकडे परत येते. तिसऱ्या टप्प्याचा निकाल 2013 मध्ये जाहीर झाला. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांपासून सुमारे 56 टक्के संरक्षण. हा काही टाळ्या घेणारा आकडा नाही. पण देशात या विषाणूने वर्षाला अंदाजे 78,000 मुलं दगावत होती, तिथे निम्म्याहून जास्त गंभीर दुखणी टळणं म्हणजे काय ते तूच बघ. 2014 च्या सुरुवातीला परवाना मिळाला, 2016 मध्ये ती राष्ट्रीय लसीकरणात आली आणि 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता. वॉर्डातल्या त्या बाळांपासून तीस वर्षं. चाचणीत लशीच्या पाच मिनिटं आधी बाळाला पोटातलं आम्ल शमवणारं द्रावण पाजत. त्याची गरज नाही हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर रडणाऱ्या बाळांची रांग पाहिलेल्या कुणालाही ती पाच मिनिटं वाचण्याची किंमत कळेल.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र समजू नकोस. रोटाव्हायरसची पहिली अमेरिकी लस, रोटाशील, 1999 मध्ये बाजारातून काढावी लागली होती, कारण काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात घुसून अडकत होता. त्यामुळे इथे प्रत्येक पोटदुखीकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं होतं. तरीही वेल्लोर केंद्राची याबाबतची आकडेवारी वेगळी जाहीर करा, ही मागणी पुढे थेट न्यायालयात गेली. एका केंद्राचे छोटे आकडे सुटे काढून वाचले की दिशाभूल होते, असं एका बाजूचं म्हणणं. लोकांच्या पैशातून झालेली चाचणी लोकांना पूर्ण दिसली पाहिजे, असं दुसऱ्या बाजूचं. माझा कल दुसरीकडे आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठला आकडा, कधी आणि कुणाला दाखवायचा, हे चाचणी सुरू होण्यापूर्वी कागदावर आलं पाहिजे. निकाल हातात आल्यावर प्रत्येकाला आपापली सोय दिसायला लागते.

आणि एकच वाट बरोबर असंही नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने रोटाव्हायरसचीच लस वेगळ्या रस्त्याने आणली. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेतल्या गाईच्या विषाणूचं तंत्रज्ञान तिथून अनेक देशांतल्या उत्पादकांना देण्यात आलं होतं, त्यांतली ही एक कंपनी. लस भुकटीच्या रूपात, उन्हाळा सोसणारी, आणि तिची एक मोठी चाचणी झाली आफ्रिकेतल्या नायजरमध्ये. तिथे विजेचा भरवसा नसलेल्या गावांत फ्रीजची अडचण काय असते हे वेगळं समजावावं लागलं नसणार.

तुझी खरी भीती श्रेयाची आहे, ती तू शेवटच्या ओळीत लपवलीस. भीती खोटी नाही. मोठ्या संस्थेने कंपाउंड मागवलं, वर्षभर उत्तर नाही आणि मग अचानक पेटंट, असं होतं. त्याला उपाय कुपी कपाटात ठेवणं हा नाही. कपाटातल्या कुपीवर कुणाचंच नाव लागत नाही. उपाय करारात आहे, तो तू स्वतः वाच. गाइडवर सोडू नकोस, ते सही करून मोकळे होतील. तू पाठवलेल्या मसुद्यात तीन जागा मला खटकल्या. तुझ्या कंपाउंडमध्ये फेरफार करून जे नवं तयार होईल ते कुणाचं, यावर एक शब्द नाही. उंदरांवरचे आकडे तुला कच्च्या स्वरूपात मिळतील का, तेही नाही. आणि निकाल नकारार्थी आला तर तो छापायची मोकळीक दोघांनाही हवी. नाहीतर पाच वर्षांनी दुसऱ्या कुठल्या गावात दुसरी कुणी मुलगी हेच कंपाउंड बनवून हेच उंदीर मारत बसेल.

लेखकांची नावं आणि त्यांचा क्रम आत्ताच एका ईमेलमध्ये लिहून सगळ्यांकडून ‘मान्य’ असं उत्तर घे. उंदरांचं काम करणारा तंत्रज्ञ त्यात असला पाहिजे. तुझे गाइड कुरकुरतील, कुरकुरू देत.

कागद टेबलावर अडलाय म्हणतेस, तर कुठल्या टेबलावर ते शोध. बहुतेक वेळा तो तुमच्याच विद्यापीठाच्या लेखा विभागात कुरियरच्या खर्चाचा लेखाशीर्ष ठरत नाही म्हणून पडलेला असतो. तिथल्या बाईंना जाऊन भेट. ईमेल नको. मसुद्याची दुरुस्त प्रत घेऊन जा आणि ड्राय आइसच्या पार्सलचं लेखी दरपत्रक बरोबर ने.

उंदरांच्या संस्थेतल्या मुलीचं नाव तू पत्रात कुठेच लिहिलेलं नाहीस. तिला फोन केलायस का? तिला किती मिलिग्रॅम लागतील, कशात विरघळवलेलं चालेल आणि तिच्या एथिक्स कमिटीची पुढची बैठक कधी आहे, एवढं विचार आणि मला कळव. सोमवारी दुपारी चारनंतर मी घरी असते.

तुझी,
मॅडम