मालिका संपल्यावर पुढे काय? अभिनेत्रींचे प्रश्न, उत्तरांसह

प्रश्न : मी डोंबिवलीची, वय 22. कॉलेजात एकांकिका केल्या. अंधेरीतली एक एजन्सी पोर्टफोलिओ आणि नोंदणीचे 45 हजार मागतेय, मालिकेत नक्की काम देतो म्हणते. भरू का?

एक रुपयाही भरू नकोस. कास्टिंग करणाऱ्याला पैसे निर्माता देतो. काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर कमिशन घेतो, पण तेही काम झाल्यावर, तुझ्या मानधनातून. सुरुवातीला जवळपास बिनमेकअपचे चार-पाच फोटो पुरतात.

त्यापेक्षा घरून ऑडिशन नीट पाठवायला शीक. साधी भिंत, समोरून उजेड, मोबाइल आडवा. आधी नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, मग डावी-उजवी प्रोफाइल, हात पुढून-मागून, आणि नंतर सीन. समोरचे संवाद म्हणायला कुणाला तरी कॅमेऱ्याला खेटून उभं कर. समोर माणूस नसला की नजर हरवते आणि ते पहिल्या पाच सेकंदांत दिसतं. एकांकिका मात्र सोडू नकोस. मराठीतली कितीतरी माणसं तिथूनच पुढे आली आहेत.

प्रश्न : दोन वर्षं मालिकेत नायिका होते. मालिका बंद होऊन आठ महिने झाले. सिनेमाच्या ऑडिशनला ‘काम टीव्हीसारखं वाटतं’ असं ऐकावं लागतं. मालिका करून चुकले का?

अजिबात नाही. मालिका खालची पायरी आणि सिनेमा वरची, हा समज आधी डोक्यातून काढा. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत होत्या आणि 1977च्या ‘भूमिका’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मृणाल ठाकूर ‘कुमकुम भाग्य’मधून घराघरांत पोचली, मग 2018मध्ये ‘लव्ह सोनिया’, 2019मध्ये ‘सुपर 30’ आणि 2022मध्ये तेलुगू ‘सीता रामम’. रोहिणी हट्टंगडींनी तर ‘गांधी’तली कस्तुरबा साकारल्यावरही मराठी मालिका आणि नाटकं मनापासून केली.

तरीही त्या शेऱ्यात तथ्य असतं. मालिकेत सीन पुष्कळदा सेटवरच हातात पडतो. दोनदा वाचायचा की टेक. वाक्य संपलं तरी चेहरा तसाच धरून ठेवायचा, कारण संगीतावर तो क्लोज-अप वापरायचा असतो. सिनेमाच्या ऑडिशनला नेमका हाच धरलेला चेहरा खटकतो. तुमचे जुने टेप आवाज बंद करून बघा. ओळ संपल्यावर तुम्ही समोरच्याचं ऐकता, की ‘कट’ची वाट बघता? मला स्वतःला ही सवय मोडण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय नाटक वाटतो. तालमीत तेच वाक्य रोज नव्यानं ऐकावं लागतं, आणि शिवाजी मंदिरच्या प्रयोगात लक्ष सुटलं की प्रेक्षक तिथल्या तिथे कळवतात. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, तुमच्या मालिकेतल्या पर डेपेक्षा, म्हणजे दिवसाच्या मानधनापेक्षा, कमी असेल, तरी घ्या. भूमिका मुख्य नसली तरी घ्या.

प्रश्न : पहिल्या मालिकेचा करार आलाय, सगळा इंग्रजीत. सहीआधी काय बघू?

पर डे किती तासांच्या शिफ्टचा आहे ते आधी बघा. मग महिन्याला किमान किती दिवसांच्या कामाची हमी आहे, ते. ही ओळ नसेल तर लिहून घ्या. ट्रॅक, म्हणजे कथेचा रोख, बदलला की महिन्यात चारच दिवस बोलावतात आणि करारामुळे दुसऱ्या वाहिनीवरही जाता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुली सगळ्यात जास्त इथेच अडकलेल्या असतात.

मानधन साधारण 90 दिवसांनी मिळतं, म्हणजे जूनचे पैसे सप्टेंबरअखेर. तेवढ्या दिवसांचं भाडं आणि डबा हाताशी ठेवूनच सही करा. 10 टक्के टीडीएस कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण भरायचं राहून जातं. पैसे अडकले तर कलाकारांच्या ‘सिंटा’ या संघटनेकडे दाद मागता येते, म्हणून सदस्यत्वाचं वेळेत बघा. आणि सेट घोडबंदरला आहे, मीरा रोडला की चित्रनगरीत, हे कळल्याशिवाय घर भाड्यानं घेऊ नका.

प्रश्न : मुलीला रात्री नऊला हॉटेलवर ‘मीटिंग’ला बोलावलंय. नाही म्हटलं तर काम जाईल, अशी तिला भीती वाटते. आई म्हणून काय सांगू?

जाऊ नको म्हणा. ‘दिवसा ऑफिसात भेटते, सोबत कुणीतरी असेल’ एवढं तिनं मेसेजवर लिहून पाठवावं. खरं काम असेल तर वेळ बदलते. गैरवर्तन झालंच तर मेसेज पुसू नका. लैंगिक छळाविरोधातल्या 2013च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान निर्मितीसंस्था असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, आणि तिथे नोकरीवर असण्याची अट नाही.

प्रश्न : वय 47. मुलं मोठी झाली, आता अभिनय करायचाय. उशीर झाला का?

आई, आत्या, सासू, मुख्याध्यापिका या भूमिका प्रत्येक मालिकेत लागतात, त्यामुळे दार उघडं आहे. वय लपवू नका, केस रंगवायची घाई करू नका. राज्य हौशी नाट्य स्पर्धेत उतरणारी मुंबईतली एखादी संस्था गाठा आणि मिळेल ती भूमिका घेऊन तालमीला लागा.