जुनं ईझल घेण्याआधी हलवून बघा

पहिलंच जुनं ईझल, म्हणजे चित्र टेकवून ठेवायचा लाकडी स्टँड, घेताय असं तुम्ही लिहिलंत, वाचून फार आनंद झाला. फक्त घाई करू नका.

आधी ठरवा, त्यावर चित्रं रंगवायची की बैठकीत तसबीर ठेवायची? शोभेचं तीन पायांचं नाजूक ईझल ब्रशच्या जोरानं मागे सरकतं. रंगवायला जड एच-फ्रेमच घ्या, म्हणजे इंग्रजी H अक्षरासारख्या चौकटीचं ईझल.

दुकानात दोन्ही हातांनी धरून हलवा. डुगडुगलं तरी चालेल, नटबोल्ट बदलता येतात. पण सांध्याजवळ लाकूड चिरलेलं असेल तर सोडून द्या. मागच्या बाजूची बारीक भोकं नीट बघा. टिचकी मारल्यावर पिठासारखा भुसा पडला, तर किडा अजून आत असू शकतो. माझ्या पहिल्या ईझलचा भुसा मी धूळ समजून पुसत राहिलो, आणि पावसाळा संपता संपता त्याचा पाय मोडला.

नवीन माणसं हमखास करतात ती चूक म्हणजे घरी आणताच पॉलिश पेपर मारणं. जुने रंगाचे डाग, हात लागून गुळगुळीत झालेली कड, हीच तर त्याची ओळख! ओलसर फडक्यानं पुसा, वाळवा, थोडं मेण लावा. एवढं पुरे.

आणि मे महिन्यात ते कूलरच्या झोतात ठेवू नका. त्या दमट हवेनं लाकूड फुगतं, चित्र टेकवायची सरकती पट्टी अडकते.

लाकूड कोणतं, किती जुनं, ते नंतर सावकाश बघू.