काकांनी दिलेलं २००३ चं रोलेक्स सबमरिनर घरच्या घरी जुनाट दिसेल असं करता येईल का? ठाण्यात कुणी करून देतं का?

करता येतं, पण अर्धंच. तुम्ही तीन उपाय विचारलेत: बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरणारी कडी, ब्लीचमध्ये बुडवणं, डायलवरच्या चमकत्या ठिपक्यांना चहाने पिवळं करणं आणि डायल ओव्हनमध्ये भाजणं. यातला पहिला जमण्यासारखा आहे, तोही काकांच्या घड्याळाच्या मूळ भागावर नाही. उरलेले दोन डोक्यातून काढून टाका.

मी ठाण्याचाच. घड्याळं उघडायचा नाद आहे, पण ती बहुतेक सेको आणि एचएमटी, म्हणजे काही झालं तरी घरात भांडण होणार नाही अशा किमतीची. तुमचं प्रकरण वेगळं आहे.

आधी हातात काय आहे ते बघू. २००३ चं, तारखेचं स्टीलचं सबमरिनर म्हणजे १६६१० हे मॉडेल. त्याच्या बेझलमध्ये बसवलेली आकड्यांची काळी चकती, जिला सगळे इन्सर्ट म्हणतात, ती ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमची असते. रंग ॲल्युमिनियमच्या वरच्या सच्छिद्र थरात मुरलेला असतो, म्हणून वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि समुद्राच्या पाण्याने तो उतरतो. इंटरनेटवर तुम्हाला आवडलेला तो करडा, राखेसारखा बेझल असा तयार झालेला असतो. २०१० पासून स्टीलच्या सबमरिनरला सिरॅमिकचा इन्सर्ट आला, त्याला ब्लीच काय, काहीच लागत नाही. एक मात्र तपासा: तुमचा इन्सर्ट काळाच आहे ना? सबमरिनरच्या पन्नाशीनिमित्त २००३ मध्येच हिरव्या बेझलचं मॉडेल निघालं होतं. ते असेल तर हे उत्तर इथेच वाचायचं थांबवा आणि घड्याळ बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

आता ब्लीच. आफ्टरमार्केट, म्हणजे रोलेक्सचे नसलेले, बाहेरच्या कंपन्यांचे इन्सर्ट ऑनलाइन मिळतात, घड्याळाच्या मानाने किरकोळ पैशांत. दोन घ्या, कारण प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा वागतो. एखादा सुरेख करडा होतो, एखादा वांग्यासारखा जांभळट. बारावरचा चमकणारा मणी आधी काढून ठेवायचा. भांड्याच्या साबणाने इन्सर्टवरचा तेलकटपणा घालवायचा, नाहीतर बोटांचे ठसे तसेच्या तसे उमटतात. मग काचेच्या वाटीत कपड्यांचं लिक्विड ब्लीच आणि तेवढंच पाणी. हातमोजे, उघडी खिडकी, आणि इन्सर्ट प्लास्टिकच्या चिमट्यात. अर्धा मिनिट बुडवा, नळाखाली धरा, उजेडात बघा, परत बुडवा. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं. मग काळ्याचा कोळशासारखा मऊ काळा होतो, कडेने निळसर झाक येते, आणि तिथून पुढे फार भराभर पळतं. हवा त्यापेक्षा एक छटा गडद असतानाच थांबायचं, कारण ओला इन्सर्ट नेहमी गडद दिसतो, वाळल्यावर खरा रंग कळतो. जास्त वेळ ठेवलात तर ब्लीच धातूलाच खायला लागतं आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. ते जुनं दिसत नाही, सडलेलं दिसतं. आणि हे काम बाथरूममध्ये करणार असाल तर टॉयलेट क्लीनरची बाटली आधी बाहेर ठेवा. त्यात आम्ल असतं, ब्लीचशी मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो.

इन्सर्ट बदलायला मागचं झाकण उघडावं लागत नाही, बेझल बाहेरूनच पातळ पात्याने उचकटतात. तरी हे तुम्ही करू नका. पातं घसरलं तर केसच्या कानांवर, म्हणजे पट्टा अडकवायच्या टोकांवर, ओरखडा पडतो, आणि ॲल्युमिनियमचा इन्सर्ट काढताना जराही वाकला की ती घडी कायमची. घड्याळजीकडून काढून घ्या, मूळ इन्सर्ट कडक डबीत सपाट ठेवा आणि डबीवर लिहून ठेवा. उद्या मन बदललं, किंवा तुमच्या मुलीला ते घड्याळ पहिल्यासारखं हवं झालं, तर ती डबी उघडायची.

डायलकडे वळू. सहाच्या खुणेखाली अगदी बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते भिंगातून बघा. 'स्विस मेड' असेल, आणि २००३ च्या घड्याळावर तेच असायला हवं, तर ठिपक्यांमध्ये सुपर-ल्युमिनोव्हा आहे. १९९८ च्या आसपासपर्यंत तिथे ट्रिटियम असायचं. ते किरणोत्सारी, साधारण १२.३ वर्षांत निम्मं होणारं. त्याच्या जोडीची चमकणारी पूड आणि तिला धरून ठेवणारा लेप काळाने पिवळे पडतात, म्हणून जुन्या घड्याळांचे ठिपके सायीसारखे किंवा भोपळ्यासारखे दिसतात आणि अंधारात जवळजवळ चमकत नाहीत. सुपर-ल्युमिनोव्हा हा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट, उजेड पिऊन चमकणारा. तो तसा पिवळा होत नाही, आणि पाण्याचं त्याला वावडं आहे. चहा-कॉफी लावली की डाग पडतो, पण चमक मरते. वर ते करायला काटे काढावे लागतात, डायल मशीनवरून उतरवावी लागते. ओव्हनमध्ये तर डायलवरच्या लॅकरला, म्हणजे रंगाच्या चकचकीत थराला, फोड येतात, छापलेली अक्षरं सरकतात. काळ्या डायलचे सुंदर तपकिरी झालेले नमुने तुम्ही बघितले असतील, ते बहुतेक १९५० आणि ६० च्या दशकांतल्या रंगांच्या दोषामुळे झालेले आहेत. तो दोष तुमच्या डायलमध्ये नाही, त्यामुळे खिडकीत ठेवून वर्षभर वाट बघितलीत तरी उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर मला हा सगळा लुक १६६१० वर शोभतच नाही. त्याची काच सफायरची, सपाट आणि ओरखड्याविना. ठिपक्यांभोवती पांढऱ्या सोन्याच्या चकचकीत कडा. साठच्या दशकातल्या सबमरिनरवर ॲक्रिलिकची घुमटासारखी काच असते, ती धूसर होते, म्हणून तिच्याखाली पिवळे ठिपके खरे वाटतात. करडा बेझल एकटा चालून जातो, कारण उन्हात पोहणाऱ्या माणसाच्या १६६१० चा तो खरंच तसा होतो. पिवळे ठिपके घातलेत की सोंग उघडं पडतं.

आपल्याकडे तर उलटाच धंदा चालत आला आहे. जुन्या एचएमटी आणि सेकोच्या डायली खरवडून भडक निळ्या-नारिंगी रंगवायच्या आणि परदेशी गिऱ्हाइकांना विकायच्या. जगभरचे संग्राहक या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. एकदा डायलला हात लागला की ती दुरुस्त करायला पुन्हा हातच लावावा लागतो.

जुनाट दिसणाऱ्या घड्याळांचा हा खर्चिक नाद का वाढला हे कळायला एक आकडा पुरे: ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलिप्स लिलावात अभिनेता पॉल न्यूमनचं वापरलेलं रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. तिथे पैसा खऱ्या वापराला आणि मालकाच्या नावाला मिळाला. वाटीत भिजवलेल्या बेझलला नाही मिळणार. उलट तुमच्या घड्याळाची डायल रंगवलेली असेल तर घेणारा अतिनील टॉर्च मारून ओळखतो आणि भाव पाडतो. करडा केलेला इन्सर्ट लावून 'वापरून झिजलंय' म्हणत विकलंत तर ती सरळ फसवणूक. स्वतः घालणार असाल तर कुणाचं काही जात नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मात्र बाहेरचा भाग चालत नाही, तिथे देण्याआधी मूळ इन्सर्ट परत बसवा.

आधी पट्टा बदलून बघा, हे खरं सांगायचं होतं. १६६१० च्या कानांमधलं अंतर २० मिमी. स्टीलचा पट्टा काढून न रंगवलेल्या, वनस्पतीच्या सालीने कमावलेल्या चामड्याचा पट्टा लावा. घाम, ऊन आणि हाताचं तेल यांनी तो एका उन्हाळ्यात कोल्हापुरी चपलेच्या रंगावर येतो, आणि घड्याळाचा एक कणही बदललेला नसतो. हात शिवशिवतच असतील तर सेको एसकेएक्स००७ जुन्या बाजारात शोधा. २०१९ च्या सुमारास बंद झालं, बेझल ॲल्युमिनियमचाच, काटे-डायल-इन्सर्ट सगळं सुटं मिळतं. भिजवा, भाजा, काय हवं ते करा.

ठाण्यात करून देणारे आहेत. स्टेशन ते जांभळी नाका आणि गोखले रोड या पट्ट्यात जुने घड्याळजी अजून बसतात. एकच प्रश्न विचारून पारखा: "प्रेशर टेस्ट करता का?" म्हणजे आत पाणी शिरतं का ते दाबाखाली तपासणं. हे घड्याळ पाण्याखाली ३०० मीटरचं आहे, पण बेझल उतरवताना काच धरून ठेवणारी रिंग हलली असेल तर ते ३०० मीटर कागदावरच. टेस्टचं मशीन नसेल तर इन्सर्टचं काम तिथे करा आणि टेस्ट वाशीला किंवा मुंबईत करून घ्या, आणि तोवर जुलैच्या पावसात घालू नका. काचेच्या आतून वाफ दिसली तर चावी ओढून हेअर ड्रायर मारत बसू नका, त्याच दिवशी घेऊन जा.