अ‍ॅस्टेरिस्कची एक्स्टेन्शन्स फाईलमधून डेटाबेसमध्ये हलवावीत का?

तुमच्या अ‍ॅस्टेरिस्कवर, म्हणजे ऑफिसचं फोन एक्स्चेंज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ६० एक्स्टेन्शन्स (ऑफिसातले अंतर्गत फोन) आहेत, सगळी एकाच पीजेसिप.कॉन्फ या सेटिंग्जच्या फाईलमध्ये, आणि ती मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये न्यावीत का असं तुम्ही विचारताय. नुसती ६० असती तर नको म्हणालो असतो, नाकापेक्षा मोती जड व्हायचा. पण दुसरी शाखा येतेय आणि नवीन माणसाचं एक्स्टेन्शन एचआरने वेबपेजवरून तयार करायचंय, असंही लिहिलंय. मग न्या. फक्त सगळं नेऊ नका.

मी एका कॉल सेंटरची यंत्रणा सांभाळायचो. माणसांची ये-जा रोजचीच. एकदा मी आणि एका सहकाऱ्याने तीच फाईल एकाच वेळी उघडली. त्याने सेव्ह केलं आणि माझी सकाळपासूनची नवीन एक्स्टेन्शन्स पुसली गेली. दुपारी आठ जण हेडफोन लावून नुसते बसलेले! त्यानंतर आम्ही रिअलटाइमकडे वळलो, म्हणजे अ‍ॅस्टेरिस्कने सेटिंग्ज फाईलऐवजी डेटाबेसमधून वाचण्याच्या सोयीकडे.

रिअलटाइममध्ये एक्स्टकॉन्फिग.कॉन्फमध्ये कुठली माहिती कुठल्या टेबलात आहे ते लिहायचं, आणि पीजेसिपसाठी (अ‍ॅस्टेरिस्कचा फोनशी बोलणारा भाग) सॉर्सरी.कॉन्फमध्येही सांगायचं; सॉर्सरी म्हणजे पीजेसिपची माहिती कुठून वाचायची ते ठरवणारा भाग. डेटाबेसशी बोलणं ओडीबीसी या जोडणीमार्फत. टेबलं हाताने बनवू नका. अ‍ॅस्टेरिस्कच्या सोर्समध्ये अलेम्बिकच्या (टेबलं बनवणाऱ्या साधनाच्या) स्क्रिप्ट्स मिळतात, त्या चालवा, म्हणजे पुढची आवृत्ती टाकताना त्या पुन्हा चालवल्या की नवीन कॉलम येतात. मग एक एक्स्टेन्शन म्हणजे तीन ओळी: एंडपॉइंट (फोनच्या सेटिंग्ज), ऑथ (पासवर्ड) आणि एओआर (फोन कुठे सापडेल तो पत्ता), प्रत्येकाचं टेबल वेगळं. ओळ टाकली की रीलोड न करता फोन नोंदवता येतो.

इथे बहुतेक जण एकदा तरी अडकतात. एओआरच्या ओळीत मॅक्स काँटॅक्ट्सचा (एका एक्स्टेन्शनवर किती फोन नोंदवता येतील त्याचा) रकाना रिकामा सोडला तर तो शून्य धरला जातो आणि फोनची नोंदणीच नाकारली जाते. पासवर्ड शंभरदा तपासाल, तो बरोबरच असेल. तिथे १ टाका. मोबाइल अ‍ॅपही वापरणार असाल तर २.

ट्रान्सपोर्ट (अ‍ॅस्टेरिस्क कुठल्या आयपी आणि पोर्टवर ऐकतो ते) मात्र फाईलमध्येच राहू द्या. पोर्ट आणि आयपी काही रोज बदलत नाहीत. लॉगर.कॉन्फ (नोंदींच्या सेटिंग्ज) आणि खुद्द एक्स्टकॉन्फिग.कॉन्फ तर डेटाबेसमधून वाचल्याच जात नाहीत.

डायलप्लॅनही (कुठला कॉल कुठे जायचा त्याच्या पायऱ्या) टेबलात ठेवता येतो, पण मी ठेवत नाही. प्रत्येक पायरीला डेटाबेसकडे धाव घ्यावी लागते, शिवाय पन्नास ओळींत विखुरलेला डायलप्लॅन वाचणं म्हणजे डोक्याला ताप. तो फाईलमध्ये, आणि फाईल गिटमध्ये (बदलांचा इतिहास राखणाऱ्या साधनात) ठेवा. ‘या नंबरचा साहेब कोण’ एवढंच डेटाबेसला विचारायचं असेल तर फंक ओडीबीसी (डायलप्लॅनमधून डेटाबेसला प्रश्न विचारायची सोय) पुरतं.

आता खरी जोखीम. आमचा डेटाबेस दुसऱ्या मशीनवर होता आणि एका रात्री कुणीतरी अपडेट टाकून ते रीस्टार्ट केलं. चालू कॉल चालू राहिले, पण नवीन एकही लागेना. फाईल असताना अ‍ॅस्टेरिस्क एकटा जगत होता, आता तो दुसऱ्याच्या जिवावर होता. म्हणून डेटाबेसची रेप्लिका, म्हणजे सतत ताजी होणारी प्रत, अ‍ॅस्टेरिस्कच्याच मशीनवर ठेवा आणि वाचन तिथूनच होऊ द्या. सॉर्सरीचा मेमरी कॅशही लावा, म्हणजे वाचलेली माहिती काही वेळ मेमरीत राहते. मात्र कॅश लावला की ‘बदल लगेच दिसतो’ हे सुख थोडं कमी होतं. एचआरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दर पाच मिनिटांनी तुम्हालाच फोन येईल.

ऑथच्या टेबलात पासवर्ड सहसा साध्या अक्षरांत असतात. एचआरच्या वेबपेजला वेगळा डेटाबेस यूजर द्या, त्याला लागतील तेवढ्याच टेबलांचे हक्क द्या, आणि बॅकअपची फाईल कुणाच्या पेनड्राइव्हवर फिरू देऊ नका.

एखादा फोन अजून चॅन-सिपवर, म्हणजे पीजेसिपच्या आधीच्या जुन्या भागावर, असेल तर आधी पीजेसिपवर आणा. अ‍ॅस्टेरिस्कच्या आवृत्ती २१ पासून चॅन-सिप काढूनच टाकलाय, त्याच्या टेबलांवर मेहनत घेण्यात अर्थ नाही. नंतर दोन चाचणी एक्स्टेन्शन्स डेटाबेसमध्ये टाका, बाकीची ५८ फाईलमध्येच असू द्या. सॉर्सरीमध्ये दोन्ही ठिकाणं दिली तर दोन्ही एकत्र चालतात. आठवडाभर तसंच चालू द्या, मग बाकीची हलवा.