सव्वापाचची एसटी

ऑगस्ट उजाडला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्या वेगवेगळ्या, प्रश्न तोच. "ताई, चाळिशीत कॉलेजात नाव घातलंय. सोरोरिटीत जायचं मनात आहे. शोभेल का?" न्यू जर्सीत मुलं हाताशी आल्यावर राहिलेली पदवी पुरी करायला निघालेल्या आपल्या बायकांना मी समुपदेशक म्हणून गेली सोळा वर्षं भेटते आहे. त्यांच्यासाठी मेधाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकी कॉलेजांत ग्रीक अक्षरांच्या नावांचे संघ असतात. मुलग्यांची फ्रॅटर्निटी, मुलींची सोरोरिटी. १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कॅपा निघाली, तिथून ही प्रथा सुरू झाली. सत्राच्या सुरुवातीला रिक्रूटमेंट होते, भेटीगाठींच्या फेऱ्या होतात आणि पसंत पडलात तर शेवटी आमंत्रण येतं. त्याला 'बिड' म्हणतात.

मेधा ४१ वर्षांची. सांगलीला एस.वाय.बी.कॉम.ला असताना लग्न ठरलं आणि शिक्षण तिथेच राहिलं. इथे कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून ती विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आली होती. मुलगी अकरावीत.

"रिक्रूटमेंटचा फॉर्म तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला," ती म्हणाली.

"कुठे अडतं?"

"जन्मतारखेच्या रकान्याशी."

"समजा, नाही म्हणाल्या त्या मुली."

"मग मेलेच मी! त्यांनी मला घेतलंच पाहिजे. नाहीतर या वयात गेलेच कशाला?"

मी पुण्यात विवेकनिष्ठ मानसोपचार शिकले. माणूस प्रसंगापेक्षा 'असंच झालं पाहिजे' या स्वतःच्या हट्टाने जास्त दुखावतो, हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विचार कि. मो. फडके यांनी मराठीत आणला, आणि माझी त्यावरची श्रद्धा इतक्या वर्षांत वाढतच गेली आहे. त्या शिकवणीने कान तयार होतो तो वाक्यातला 'च' ऐकायला. मराठीत हे एक अक्षर माणसाची झोप उडवतं. मी मेधाला तेच वाक्य 'च' काढून लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, "त्यांनी घेतलं तर मला फार आवडेल. नाही घेतलं तर वाईट वाटेल." दोनदा वाचलं. मांडीवर घट्ट धरलेली पर्स तिने बाजूला ठेवली.

पण खरी गाठ अजून सुटली नव्हती, हे मला जाणवत होतं. पाचव्या भेटीत मी विचारलं, "तिथे गेल्यावर तू स्वतःला नेमकं काय करताना पाहतेस?" मला वाटलं, छापील अक्षरांचा टी-शर्ट सांगेल, फोटो सांगेल.

ती म्हणाली, "रात्री उशिरा जमिनीवर बसून पताका कापताना."

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहावं.

"गावाला जाणारी आमची एसटी सव्वापाचला होती. गॅदरिंगच्या तालमी साडेपाचला सुरू व्हायच्या. सकाळी वर्गात मुली आदल्या संध्याकाळचं काहीतरी आठवून हसत बसायच्या आणि मला विचारावं लागायचं, काय झालं गं? सांगायच्या, पण सांगितल्यावर त्यात काही नसायचं."

डोळे पुसून तिने मला विचारलं, "ताई, एवढंच होतं का हो?"

एवढंच होतं, आणि ते फार मोठं होतं. मेधाला परत वीस वर्षांची व्हायचं नव्हतं. तिला एकदा बस चुकवून थांबायचं होतं. त्या दिवसापासून कुणी 'शोभेल का' विचारलं की मी वयाची चर्चा करतच नाही. "तुझी कुठली बस होती?" असं विचारते. बहुतेकींकडे उत्तर असतं. कुणाची आजारी सासू, कुणाची वडिलांनी आखलेली सातची वेळ.

आपल्याला काय हवंय ते कळलं की दार निवडता येतं. वयाची वरची मर्यादा सहसा कुठे लिहिलेली नसते. अट असते ती पदवीच्या वर्गात नाव असण्याची. मात्र निवडणाऱ्या मुली अठरा ते बावीसच्या असतात आणि त्या आपल्या वयाचीच मैत्रीण शोधतील, हे गृहीत धरा. भारतातून पदवी घेऊन इथे मास्टर्स करत असाल, तर विद्यार्थिनींच्या शाखेचं दार बहुधा बंद असतं. पण पुष्कळ सोरोरिट्या मोठ्या वयाच्या बायकांना माजी सदस्यांच्या बरोबरीने दीक्षा देतात. हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी स्थापलेल्या अल्फा कॅपा अल्फामध्ये तर पदवीधर बायकांच्या स्वतंत्र शाखा आहेत, आणि तिथलं काम जन्मभर चालतं. दक्षिण आशियाई मुलींनी १९९८ साली टेक्सासात सुरू केलेल्या डेल्टा फाय ओमेगा आणि कॅपा फाय गॅमा आहेत. पताका कापायच्याच असतील, तर अल्फा फाय ओमेगासारखी सेवेची फ्रॅटर्निटी बघा. ती १९२५ मधली, १९७६ पासून बायकांनाही खुली.

जाण्याआधी वर्गणी किती ते विचारा. साप्ताहिक बैठक कधी, सक्तीच्या रात्री किती, त्यांच्या घरात राहणं बंधनकारक आहे का, हेही विचारा. नव्या सदस्यांचा छळ होताना दिसला तर त्याच क्षणी उठून या. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार कॉलेजांना अशा प्रकारांची माहिती जाहीर करावी लागते. ती वाचल्याशिवाय सही करू नका. आणि घरात सगळ्यांत आधी मुलीला सांगा. तिला बाहेरून कळलं तर तिचा संकोच दुप्पट होतो.

मेधाने फॉर्म भरला. दुसऱ्या फेरीनंतर तिला बोलावणं आलं नाही. फोनवर म्हणाली, "वाईट वाटलं. दोन दिवस रडले. पण मेले नाही." तिसऱ्या आठवड्यात ती सेवेच्या एका फ्रॅटर्निटीत गेली. तिथे मुलं-मुली एकत्र.

नोव्हेंबरमध्ये रात्री पावणेअकराला तिचा फोटो आला. जमिनीवर पसरलेले कागद, फूड ड्राइव्हचा अर्धा रंगवलेला बॅनर, कोपऱ्यात तिचा डिंकाने माखलेला हात. खाली लिहिलं होतं: "आत्ता इथे जे झालं त्यावर उद्या सगळे हसणार आहेत. मला विचारावं लागणार नाही."