आई-बाबांसोबत एक दिवस, पायी : माझं मत लायडनला

तुम्ही विचारलंय की जूनच्या शेवटी आई-बाबांना घेऊन ॲमस्टरडॅमला चार दिवस मुक्काम आहे, स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलंय, आणि त्यातला एक दिवस बस-टूर न करता पायी फिरून जुनं डच खाणं, डच राहणी आणि बघण्यासारखी ठिकाणं बघायची आहेत. बाबा मासे खातात, आई शाकाहारी.

माझं उत्तर : शनिवार निवडा आणि लायडन या जुन्या गावी जा. ॲमस्टरडॅमहून ट्रेनने साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. तिकीट काढायचीही गरज नाही, फाटकावर बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. प्रत्येकाचं कार्ड मात्र वेगळं हवं.

मी इथे नेदरलँडमध्ये चौदा वर्षं राहते. माझे आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना एका बस-टूरवर पाठवलं होतं. पवनचक्की, लाकडी बूट, चीज, सगळं एका दिवसात. संध्याकाळी आई म्हणाली, "गं, मला फक्त बसचा जिना आठवतोय." दुसऱ्या वेळी त्यांना लायडनला नेलं. मुद्दाम लायडनच, कारण डच लोक जे खातात त्यातल्या दोन पदार्थांची गोष्ट याच गावात घडली आणि ती गोष्ट पायी फिरताना अनुभवता येते.

१५७४ साली स्पॅनिश सैन्याचा लायडनला वेढा होता. धान्य संपलं, रोगराई आली, हजारो माणसं गेली. गावाला सोडवायचं तर स्पेनविरुद्ध उठलेल्या बाहेरच्या डच बंडखोरांकडे जहाजं होती, पण मध्ये होती कोरडी जमीन. तेव्हा त्यांनी स्वतःचेच बांध फोडले आणि शेतांवर पाणी सोडलं. आठवडेच्या आठवडे पाणी पुरेसं चढेना. शेवटी वादळी वाऱ्याने समुद्र आत लोटला, स्पॅनिश रातोरात पळाले आणि ३ ऑक्टोबरला सपाट तळाच्या होड्या गावात शिरल्या. भुकेल्या लोकांना त्यांनी वाटलं ते हारिंग मासा आणि पांढरा पाव. गोष्ट अशी सांगतात की एका अनाथ मुलाला शत्रूच्या रिकाम्या तळावर अर्धवट शिजलेल्या भाजीचं भांडं सापडलं. तो पदार्थ म्हणजे हुत्स्पॉट. आजही ३ ऑक्टोबरला गावात हारिंग आणि पाव फुकट वाटतात आणि घरोघरी हुत्स्पॉट होतो. इतक्या साध्या जेवणाला एवढा मान देणारं गाव मला फार जवळचं वाटतं.

आता रस्ता. स्टेशनच्या गावाकडच्या बाजूने बाहेर पडलात की पाच-सात मिनिटांत डे फाल्क ही १७४३ची विटांची पवनचक्की दिसते. आत संग्रहालय आहे, तळाशी चक्कीवाल्याच्या कुटुंबाच्या खोल्या आहेत. वरचे जिने शिडीसारखे खडे आहेत. गुडघे दुखत असतील तर खालचं बघून निघा, वाईट वाटून घेऊ नका. तिथून पाण्याच्या कडेकडेने चालत चित्रकार रेम्ब्रांटच्या जन्मस्थळाकडे या. तो १६०६ साली इथे जन्मला, वडील चक्कीवाले. घर आता नाही, भिंतीवर फक्त पाटी आहे, पण समोर जुन्या धर्तीवर पुन्हा उभारलेली लाकडी पवनचक्की आणि ऱ्हाईन (डचमध्ये राइन) नदीचं संथ पाणी आहे. त्याच्या नावातलं ‘फान राइन’ इथलंच.

पुढे रापेनबर्ग हा कालवा धरा. गावातला सगळ्यात देखणा भाग हाच. १५७५ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाची जुनी इमारत इथे आहे आणि तिच्यामागे १५९०चं वनस्पती उद्यान. डच मातीत ट्युलिप रुजवण्यात ज्याचा मोठा वाटा, तो क्लूसियस या उद्यानाचा पहिला प्रमुख होता. जूनअखेरीस ट्युलिप नसतात, तरी आई झाडांत रमणाऱ्या असतील तर तास-दीड तास इथे सहज जाईल.

कालवा ओलांडून पीटर्सकर्क या मोठ्या चर्चकडे जाताना क्लोकस्टेख गल्लीत एक साधं दार लागेल. यान पेसेन होफ्ये. होफ्ये म्हणजे मधोमध अंगण आणि भोवती बुटकी घरं. श्रीमंत माणसं मृत्युपत्रात पैसे ठेवून गरीब म्हाताऱ्यांसाठी ती बांधून द्यायची. लायडनमध्ये अशी पस्तीस आहेत. आपल्या वाड्याच्या चौकात पाऊल टाकल्यासारखं वाटतं, फक्त आवाज नाही. लोक अजून राहतात तिथे, म्हणून दार उघडं असेल तरच आत जा, हळू बोला आणि खिडक्यांचे फोटो काढू नका. माझ्या आईने इथल्या बाकावर बसून वीस मिनिटं एक शब्द उच्चारला नव्हता. चालताना घरांच्या भिंतीही बघत राहा. वेगवेगळ्या भाषांतल्या शंभराहून जास्त कविता मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या आहेत.

बुधवारी आणि शनिवारी नदीच्या नीवे राइन या फाट्याच्या दोन्ही काठांवर बाजार भरतो. शनिवारचा मोठा. सकाळी उशिरा पोचा आणि जेवण इथेच उरका. डच माणूस दुपारी पावच खातो, गरम ताटाची वाट बघू नका.

बाबांसाठी मासळीची गाडी. जूनच्या मध्यापासून नव्या हंगामाचा हारिंग येतो, त्याला ‘होलंत्से नीवे’ म्हणतात. तुम्ही अगदी वेळेवर येताय. हारिंग आपल्या तारली-पेडव्यांच्या कुळातला. मी मूळची वेंगुर्ल्याची, घरात मासा म्हणजे तिरफळं आणि आगुळ, त्यामुळे माझे बाबा हा मासा खातील का याची मला धास्ती होती. विक्रेता तुमच्यासमोर मासा साफ करतो, कातडी ओढून काढतो, शेपटी तेवढी ठेवतो आणि वर बारीक चिरलेला कांदा घालतो. तो शिजवलेला नसतो, पण अगदी कच्चाही नसतो : थोडं मीठ लावून मुरवलेला असतो आणि जंत मरावेत म्हणून आधी गोठवलेला असतो. लोण्यासारखा मऊ लागतो. शेपटी धरून, मान मागे करून खाण्याची पद्धत आहे, पण पावात घालूनही मिळतो. बाबांनी पहिला पावात खाल्ला, दुसरा शेपटी धरून. नकोच वाटला तर किबेलिंग घ्या : पिठात बुडवून तळलेले माशाचे तुकडे, गरमागरम.

आईंसाठी चीजचं दुकान. लायडनचं स्वतःचं चीज जिरं घातलेलं असतं! साय लोण्यासाठी काढून घेतलेल्या दुधाचं, म्हणून कोरडं आणि घट्ट. लवंग घातलेलं फ्रीजलंडचंही असतं. ‘चव बघू का’ म्हटलं की पातळ काप हातावर ठेवतात. वेंगुर्ल्यात डच वखारीच्या पडक्या भिंतींजवळून मी शाळेत जायचे. ते लोक इतक्या लांब आशियात कशासाठी आले होते, हे मला त्या लवंगेच्या चीजने जिभेवर सांगितलं. आई कडक शाकाहारी असतील तर मात्र एक विचारा. पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. ‘फेगेटारिस स्ट्रेम्सेल’ (शाकाहारी विरजण) आहे का विचारलं की दुकानदार बरोबर ते दाखवतो. ताजं स्ट्रोपवाफेलही घ्या. गरम वाफेल सुरीने आडवं चिरून आत पाक भरतात, तो बोटांवरून ओघळतो. पिठात अंडं असू शकतं. आणि ड्रॉप या काळ्या गोळ्या म्हणजे ज्येष्ठमध, खारट प्रकारात तर चक्क नवसागर. बऱ्याच गोळ्यांत जिलेटिन असतं, तेव्हा त्या आईंना देऊ नका.

खाऊन झालं की छप्पर असलेला कोर्नब्रुख पूल ओलांडा. पूर्वी इथे धान्याचा व्यापार चाले. पलीकडे बुर्ख्त ही मध्ययुगीन टेकडीवरची गोल गढी आहे, फुकट आहे, चढ थोडाच. वरून सगळं गाव लाल कौलांत दिसतं. दिवसभराचं चालणं चार-पाच किलोमीटर होतं. छत्रीऐवजी टोपीचं जॅकेट घ्या, इथला वारा छत्री उलटी करतो. आणि लाल डांबराच्या पट्ट्यावर उभं राहू नका, तो सायकलींचा.

राहिला हुत्स्पॉट. तो थंडीचा पदार्थ आहे, जूनमध्ये हॉटेलांत शोधण्यात वेळ घालवू नका. परतताना सुपरमार्केटमधून चिरलेल्या गाजर-कांद्याचं ‘हुत्स्पॉट’ लिहिलेलं पाकीट मिळालं तर घ्या, नाहीतर सुटं गाजर-कांदा घ्या, आणि बटाटे. सगळं एकत्र उकडायचं, पाणी काढून लोणी आणि थोडं दूध घालून जाडसर कुस्करायचं. सोबत मांस असतं, ते आपण वगळायचं. १५७४च्या भांड्यात बटाटा नव्हता, तो युरोपात जेवणात रुळला नंतर. मिरपूड आणि किसलेलं जायफळ घाला. आमच्या बाबांनी त्यावर लिंबाचं लोणचं घेतलं होतं, आणि दोनदा वाढून घेतलं.