रिक्रूटरच्या कामात करिअर आहे का, की नुसते बायोडेटा पुढे ढकलायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : एमबीए एचआर झालंय, चिंचवडच्या एका कन्सल्टन्सीत रिक्रूटर म्हणून महिना १८ हजारांची ऑफर आहे. घरचे म्हणतात हे कॉल सेंटरच आहे, मैत्रीण म्हणते दोन वर्षांत एआय हे काम खाऊन टाकेल. तर ही नोकरी घ्यावी का?

घ्या. पण ‘नुसते बायोडेटा पुढे ढकलायचे’ हे जे तुम्ही लिहिलंय, ते वाचून मला राहवलं नाही. मी २००८ पासून याच कामात आहे. माझं सगळं काम भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातलं. माझी माणसं म्हणजे फिटर, टर्नर, व्हीएमसी ऑपरेटर, सीएनसी सेटर (व्हीएमसी, सीएनसी ही संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशीन, सेटर म्हणजे ती कामासाठी लावून देणारा), क्वालिटी इन्स्पेक्टर, फार तर शिफ्ट इनचार्ज.

आमच्या घरी या कामाला दलाली म्हणायचे. पहिला पगार झाला तेव्हा मी पेढे घेऊन गावी गेले होते. माझे थोरले चुलते, तात्या, त्यांनी पेढा हातात घेतला आणि भरल्या ओसरीत विचारलं, "म्हणजे एका माणसामागं किती सुटतात तुला?" मी खरं ते सांगितलं : माणूस कामाला लागला की कंपनी आमच्या ऑफिसला त्याच्या एका महिन्याच्या पगाराएवढे पैसे देते. तात्या म्हणाले, "बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबतात, तसलंच की हे." सगळे हसले. माझे वडीलही हसले, आणि ते मला जास्त लागलं. वडिलांना एसटीत नोकरी लागली ती एम्प्लॉयमेंटच्या, म्हणजे सरकारी नोकरी-नोंदणी कचेरीच्या, कार्डावर कॉल येऊन. त्यांच्या हिशेबात नोकरी लागायचे दोनच सरळ रस्ते होते, सरकारी कॉल आणि वशिला. मधे बसून पैसे घेणारा माणूस कोण असणार? दलालच.

त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते पुढच्या वर्षी मिळालं.

२००८ च्या शेवटी मंदी आली तेव्हा गाड्यांची मागणी आटली आणि भोसरीतल्या लहान वर्कशॉपांनी आधी दुसरी शिफ्ट बंद केली, मग माणसं कमी केली. २००९ च्या पावसाळ्यात ऑर्डरी परत सुरू झाल्या. चाकणच्या एका कंपनीत सीएनसी सेटरची जागा चार महिने रिकामी होती आणि ती भरायचं काम माझ्याकडे आलं. कागदावर मागणी अशी : मेकॅनिकल डिप्लोमा, वय ३५ च्या आत, फॅनक कंपनीच्या मशीन-कंट्रोलवर पाच वर्षं. मी तंतोतंत जुळणारे सात बायोडेटा पाठवले. पाच जण इंटरव्ह्यूलाच गळाले. दोघं लागले, एक महिन्याभरात सोडून गेला, दुसऱ्याला कंपनीनंच नको म्हटलं. तेव्हा प्रॉडक्शनच्या साहेबांनी मला फोनवर विचारलं, "मॅडम, तुम्ही माणसं पाठवता की कागद?"

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं चाकणला गेले. साहेब रागावलेले होते, पण माणूस भला. त्यांनी मला थेट मशीनपाशी नेलं आणि खालचा लाल क्रेट दाखवला. रिजेक्शनचा. पातळ भिंतीचे बुश, म्हणजे आखूड नळीसारखे भाग होते, क्रेट काठोकाठ भरलेला. एक बुश चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, धरून त्यांनी मला दाखवलं. बोअरिंग झालं, म्हणजे आतलं भोक कापून मापात आणलं, आणि भोकाचं माप तपासायचा प्लग गेज सहज आत गेला. मग चक सोडला, बुश हातात घेतला आणि तोच गेज तोंडाशीच अडकला. चकच्या तीन जबड्यांनी (त्यांना जॉ म्हणतात) दाबून धरलेला असतो तोवर बुश गोल दिसतो, दाब सुटला की आकार बदलतो. साहेब म्हणाले, "प्रोग्रॅम लिहिणारे पुष्कळ आहेत. मला हे थांबवणारा माणूस पाहिजे." हे वाक्य त्यांच्या मागणीच्या कागदावर कुठेच नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात एक काका आले. वय ४६, आयटीआय टर्नर, भोसरीच्या एका शेडमध्ये २२ वर्षं काढलेली. शेड बंद पडली होती. बायोडेटा हातानं लिहिलेला, त्यात कामाच्या रकान्यात तीन शब्द : टर्निंग, बोअरिंग, थ्रेडिंग. आमच्या टीम लीडरनं वय बघून कागद बाजूला ठेवला होता. मी चहा सांगितला आणि सहज विचारलं, "काका, तुमच्या हातून झालेलं सगळ्यात अवघड काम कोणतं?"

ते थोडा वेळ गप्प बसले. मग डब्याच्या पिशवीतून वर्तमानपत्राची एक पुडी काढली, आत फडकं, फडक्यात एक पितळी रिंग. बांगडीएवढी, आणि जवळपास तेवढीच पातळ. माझ्या तळहातावर ठेवली. आतला भाग आरशासारखा होता. म्हणाले, "मॅडम, हा जॉब चकात धरला की गप्प बसतो, आणि सोडला की रुसतो." जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा. माझ्या डोळ्यांसमोर तो लाल क्रेट आला. मी विचारलं, मग काय करायचं? "कडक जॉ लावायचेच नाहीत. मऊ जॉ घ्यायचे, जॉबच्या मापाला बोअर करून घ्यायचे, म्हणजे ते तीन ठिकाणी टोचत नाहीत, सगळीकडून बसतात. आणि प्रेशर उतरवायचं. मुठीत नाही धरायचा, ओंजळीत धरायचा."

मी एचआरला फोन केला. वय बसत नाही, डिप्लोमा नाही, पाठवू नका. मग मी प्रॉडक्शनच्या साहेबांना फोन केला, जे आमच्या धंद्यात करायचं नसतं. म्हटलं, ट्रेड टेस्ट घ्या, मशीनवर काम करून दाखवायला सांगा, आणि नाही जमलं तर या जागेसाठी मी तुम्हाला परत फोन करणार नाही.

शनिवारी टेस्ट झाली. दीड तास काकांनी एकही पीस काढला नाही. आधी मऊ जॉ मागून घेतले, चकवर बसवले, बोअर केले, हात फिरवून बघितला, परत एक हलका कट घेतला. एचआरचे साहेब दोनदा घड्याळ बघून गेले. मीच घामाघूम झाले होते. मग पाच पीस काढले. साहेबांनी प्रत्येक पीस चकमधून सोडवून स्वतःच्या हातानं गेज घातला. पाचही पिसांत गेला. पाचव्याला ते काही बोलले नाहीत, तो बुश शर्टाच्या खिशात टाकला आणि एचआरच्या केबिनकडे निघाले.

तरीही डिप्लोमा नाही म्हणून काकांना ऑपरेटरच्या ग्रेडमध्ये घेतलं. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे की हा अन्याय होता. सहा महिन्यांनी सेटर केलं. २०२१ ला ते तिथूनच रिटायर झाले. मधल्या काळात हाताखाली किती पोरं तयार केली, त्यांतली चार तर पुढे मीच दुसऱ्या कंपन्यांत लावली.

आता मला सांगा, यात बायोडेटा कुठे होता? चाकणला क्रेट भरत होता आणि भोसरीत, अर्ध्यापाऊण तासावर, ज्याच्या पिशवीत उत्तर होतं तो माणूस घरी बसलेला होता. चार महिने. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. कंपनीचा कागद खोटा नव्हता आणि काकांचाही नव्हता, पण दोन्ही कागद अर्धेच होते. २०१० सालचं अर्थशास्त्राचं नोबेल डायमंड, मॉर्टेन्सन आणि पिसारिडीस या तिघांना मिळालं. त्यांच्या कामाचा एक मोठा भाग हाच होता : रिकाम्या जागा आणि बेकार माणसं एकाच वेळी, शेजारीशेजारी का असतात? कारण एकमेकांना शोधायलाच वेळ लागतो, पैसा लागतो. पेपरमधलं ते कात्रण मी कापून ठेवलं होतं, तात्यांना दाखवायला.

दाखवलं नाही. दाखवून उपयोग नव्हता, कारण तात्यांचं खरं म्हणणं वेगळं होतं. तात्या साखर कारखान्यात होते, त्यांनी गावातली पंचवीस-तीस पोरं वशिल्यानं चिकटवली. एक पैसा घेतला नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या प्रत्येक घरानं त्यानंतर तात्यांसमोर कधी मान वर केली नाही. निवडणुकीत मत तात्या सांगतील तिकडे, सुगीला माणसं तात्यांच्या रानात आधी. ज्या पोराला जमत नव्हतं त्याला नोकरी सोडायचीही सोय नव्हती, कारण ‘तात्यांचं नाव जाईल’. ओळखीनं लावलं तर उपकार आणि बिल करून लावलं तर दलाली, हा हिशेब मला कधीच पटला नाही. त्या टर्नर काकांवर माझा कसलाही उपकार नाही. कंपनीनं बिल दिलं, व्यवहार संपला. रस्त्यात भेटले तर ते नमस्कार करतात, मीही करते. माणसाला मिंधं न करता कामाला लावता येतं, ते फक्त असंच. तात्या २०१९ मध्ये गेले. हे सगळं त्यांना समोर बसवून सांगायचं राहिलं.

पण बाजू एकच सांगितली तर तेही खोटं होईल. २०१३ मध्ये टार्गेट अपुरं होतं म्हणून मी लातूरकडच्या एका वेल्डर मुलाला जास्त पगार सांगून जुनी नोकरी सोडायला लावली. नव्या ठिकाणी दर आठवड्याला शिफ्ट बदलते आणि तिसऱ्या शिफ्टला बस नाही, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. तो तीन आठवड्यांत बाहेर पडला, जुन्या कंपनीनं परत घेतलं नाही, तो गावी गेला. आमच्या करारात नव्वद दिवसांची रिप्लेसमेंट असते, म्हणजे तेवढ्यात माणूस सोडून गेला तर बदली माणूस द्यायचा, मी कंपनीला दुसरा माणूस दिला, आमचं बिल वाचलं. त्या मुलाला रिप्लेसमेंट कुणी दिली नाही. त्यानंतर मी कुणालाही पगार सांगायच्या आधी बस, शिफ्ट आणि हातात किती पडणार, हे तीन सांगते. माणसं नोकरी सोडतात ती बहुतेक याच तिन्हींपायी, हा माझा अनुभव.

तुमच्या प्रश्नाकडे येते. एआयबद्दल : जुळणारे शब्द शोधून शंभरांतले दहा बायोडेटा काढायचं काम यंत्र करेल, करतंच आहे, आणि चांगलं करतं. ज्या रिक्रूटरला तेवढंच येतं त्याचं काम जाईल. पण ज्यानं २२ वर्षं तीन शब्दांत लिहिलीत त्याच्या पिशवीत काय आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि काय विचारायचं हे क्रेट बघितल्याशिवाय कळत नाही.

घरच्यांचं म्हणणं पहिल्या वर्षापुरतं खरं आहे. दिवसाला साठ-सत्तर फोन करावे लागतील. ‘येतो’ म्हणालेला माणूस जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद ठेवेल, आणि बोलणी तुम्हाला बसतील. १८ हजारांत पुण्यात एकटीनं राहणं अवघड आहे, घर तुमच्या पगारावर चालणार असेल तर दोनदा विचार करा. आयटीतलं आणि वरच्या पदांचं रिक्रूटमेंट मी केलेलं नाही, तिथलं गणित वेगळं असू शकेल, तेव्हा माझं बोलणं तिथे जसंच्या तसं लावू नका.

एका गोष्टीत मात्र जर-तर नाही. ती कन्सल्टन्सी उमेदवारांकडून रजिस्ट्रेशनच्या, ट्रेनिंगच्या, युनिफॉर्मच्या, कुठल्याही नावानं पैसे घेत असेल तर त्याच दिवशी उठून या. पैसे कंपनीनं द्यायचे, नोकरी शोधणाऱ्यानं नाही. तात्यांचा शब्द त्या लोकांना लागू होतो, आणि त्यांच्यामुळेच तो आम्हा सगळ्यांना ऐकावा लागतो.

आणि ऑफर घेण्याआधी त्यांना विचारा, ज्या कंपनीसाठी माणसं शोधायची तिच्या शॉप फ्लोअरवर मला जाऊ देणार का? ‘ते क्लायंट मॅनेजर बघतात, तुम्ही फक्त फोन करायचे’ असं म्हणाले तर दुसरी कन्सल्टन्सी शोधा, पिंपरी-चिंचवडमध्ये कमी नाहीत. ‘हो’ म्हणाले तर पहिल्या पगारातून स्वतःचे सेफ्टी शूज घ्या. गेटवर व्हिजिटरला देतात ते बायकांच्या मापाचे नसतात.